सुट्टी मुलांची, जबाबदारी आपणा सर्वांची

(एका महिला सभासदाकडून)



कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या आपापल्या गावाकडं परतल्या, की आपल्या भागात उन्हाळ्याची दुसरीच धांदल सुरू होते. उशिरा तुटलेल्या उसाचा खोडवा धरायचा असतो. बुडखे छाटायचे, बगला फोडायच्या, खताचा हप्ता द्यायचा आणि पाण्याची पाळी आली की रात्रीची झोप सोडायची. आम्हा बायकांच्या मागं खुरपणी असतेच, शिवाय घरात कुरडया, सांडगे, पापड आणि वर्षाची चटणी. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते. पुण्या-मुंबईची भाचरं येतात आणि घर भरून जातं. घरात सगळ्यांना काम असतं, फक्त मुलांना नसतं.

आपल्या अंकात लागणीविषयी, बेण्याविषयी, ठिबकाविषयी नेहमीच वाचायला मिळतं. आज मी थोडं वेगळं लिहिणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत आपली मुलं नेमकी कुठं असतात, हा माझा प्रश्न आहे. तीन वर्षांपूर्वी मला कुणी हे विचारलं असतं तर "असतील इथंच कुठं तरी" असंच उत्तर मी दिलं असतं. त्या उत्तराची किंमत आमच्या घरानं जवळजवळ मोजलीच होती.

ती सकाळ

सन २०२३ चा मे महिना. माझ्या नणंदेचा मुलगा, वय वर्षं नऊ, पुण्याहून सुट्टीला आला होता. आमच्या मळ्यात शेततळं आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि आतून प्लॅस्टिकचं अस्तर. तीन बाजूंना तारेचं कुंपण होतं. चौथी बाजू मोटारीकडं जायला सोपं पडावं म्हणून आम्हीच उघडी ठेवली होती.

साधारण साडेदहाची वेळ. मी अंगणात कुरडयांचा चीक शिजवत होते. मला वाटत होतं की मुलं सासूबाईंपाशी आहेत. सासूबाईंना वाटत होतं की ती मालकांबरोबर मोटारीवर गेलीत. मालकांना वाटत होतं की ती घरीच आहेत. घरात तीन मोठी माणसं होती आणि तिघांपैकी एकाचंही लक्ष मुलांवर नव्हतं.

चेंडू तळ्यात गेला म्हणून भाचा तो काढायला वाकला आणि अस्तरावरून घसरला. शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं, त्यावर शेवाळ धरलं, की ते साबणासारखं होतं. पोहणाऱ्या गड्यालासुद्धा त्यावरून वर चढता येत नाही. पुण्याला सोसायटीच्या हौदात कमरेएवढ्या पाण्यात हा ट्यूब घालून खेळलेला होता, म्हणून त्याला पाण्याचं भय वाटलं नाही. माझा धाकटा त्याच्याबरोबर होता. तो ओरडत घराकडं पळत सुटला. घर दोनशे पावलं लांब.

ऊसतोडीच्या टोळीतलं बीड जिल्ह्यातलं एक कुटुंब त्या वर्षी पट्टा पडल्यावरही आमच्याकडं खुरपणी-बांधणीच्या कामाला राहिलं होतं. त्यांची अकरा वर्षांची मुलगी बांधावरच्या बाभळीखाली आपल्या तीन वर्षांच्या भावाला सांभाळत बसली होती. तिलाही पोहता येत नव्हतं. ती पाण्यात उतरली नाही. काठाला तुषारचे वीस-वीस फुटी पाईप पडले होते. त्यातला एक ओढून तिनं त्याचं टोक भाच्यापुढं सारलं आणि "धर, धर" म्हणत राहिली. आम्ही पोचलो तेव्हा भाचा पाईपला मिठी मारून लोंबकळत होता आणि ती पोर पाईपच्या दुसऱ्या टोकावर बसून होती. तिचा भाऊ शेजारी रडत होता. मालकांनी दोर सोडला, पोराला वर काढलं.

त्या मुलीला जवळ घेऊन मी विचारलं, "पोरी, तुला हे सुचलं कसं गं?" ती म्हणाली, "मावशी, निसतं आरडत बसले असते तर त्यो गेला असता. मग पाईप दिसला."

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

बंदी घालून भागत नाही

दुसऱ्या दिवशी मालकांनी तळ्याची चौथी बाजू बांधून काढली आणि मुलांना सक्त ताकीद दिली. "तळ्याकडं दिसलात तर तंगड्या मोडीन." पंधरा दिवस मुलं घरात बसली. मोबाईलवर भांडणं झाली. सोळाव्या दिवशी ती कालव्यावर सापडली.

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. "आवं, पाण्यापासनं किती दिस लांब ठेवशिला? हीर हाय, कालवा हाय, तळं हाय. पाण्याची आन् पोरांची वळख करून द्या. आन् कुनीतरी एक जन पोरांपाशी बसा. समद्यांनी बघायचं म्हंजी कुनीच न्हाई बघायचं."

सासूबाईंची शाळा चौथीपर्यंतची. पण पुढं मी या विषयावर जे वाचलं, ते त्यांच्या बोलण्याच्या बाहेर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात तीन लाखांच्या आसपास माणसं बुडून मेली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. आपल्या देशात २०२२ साली सरकारी नोंदीप्रमाणं बुडून मेलेल्यांचा आकडा अडतीस हजारांच्या घरात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं एप्रिल २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला.

आपल्यासारखीच शेतीची आणि पाण्याची खेडी शेजारच्या बांगलादेशात आहेत. तिथं पाहणी झाली तेव्हा दिसलं की लहान मुलं बुडण्याचे प्रकार बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात होतात. त्या वेळी आई कामात असते आणि बाप शेतावर असतो. यावर त्यांनी दोन साधे उपाय केले. लहानग्यांना त्या वेळेपुरतं गावातल्याच एका बाईच्या घरी एकत्र सांभाळायचं आणि मोठ्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण बांधून पोहायला शिकवायचं. यातून मुलांचे मृत्यू फार कमी झाले. आज जागतिक आरोग्य संघटनाही हेच दोन उपाय सांगते. आमची सकाळही साडेदहाचीच होती. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

शिबिराची आखणी

मग ठरलं, की पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवरच मुलांचं दिवसाचं शिबिर घ्यायचं. सकाळी यायचं आणि दुपारी जेवायला घरी जायचं. शहरात अशी शिबिरं भरपूर निघतात आणि त्यांची फीही भरपूर असते. आपल्याकडं हौद, विहीर, झाडाची सावली, मोकळं रान सगळं फुकट आहे. कमी आहे ती फक्त लक्ष देणाऱ्या माणसाची.

वस्तीवरच्या सात घरांतल्या बायका आमच्या ओसरीवर बसल्या. कामाच्या पाळ्या लावल्या. उसाला पाणी द्यायच्या पाळ्या लागतात, तशाच मुलांवर नजर ठेवायच्या. ज्या दोघींची पाळी, त्यांनी त्या दिवशी खुरपणीला जायचं नाही, पापड लाटायचे नाहीत आणि हातात मोबाईल घ्यायचा नाही. त्यांचं खुरपणं बाकीच्या पाचजणींनी भरून काढायचं. सावड म्हणजे आपल्या बापजाद्यांचा सहकारच. तो आम्ही मुलांसाठी वापरला.

मुलांची यादी केली. सव्वीस नावं झाली. यादी वाचून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "आन् ती बीडवाल्यांची पोर?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं पाहत राहिलो. ते कुटुंब त्या वर्षीही आमच्याकडंच होतं. खरं सांगायचं तर तिचं नाव कुणालाच आठवलं नव्हतं. "फी कोण भरणार तिची?" असं एकजण पुटपुटली. सासूबाई तडकल्या. "आगं, जिनं आपलं लेकरू वढून काढलं, तिला तुमच्या शिबिरात जागा न्हाई व्हय? आन् तिच्या कडंवरच्या पोराला कोन बघायचं?"

हा प्रश्न आम्हाला लाज आणणारा होता आणि योग्यही होता. टोळ्यांतली मोठी मुलं धाकट्यांना सांभाळतात म्हणून त्यांच्या आया आपल्या शेतात काम करू शकतात. त्या पोरीला मोकळं करायचं तर तिच्या भावाची सोय आधी हवी. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून हात जोडून न बसता त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आमचा आवाका तेवढा नाही. पण एका ओसरीवर गोधड्या अंथरून, चार खेळणी ठेवून लहानग्यांचा कोपरा करणं आम्हाला जमण्यासारखं होतं. तो सासूबाईंनी स्वतःकडं घेतला.

अशी मजुरांची आठ मुलं धरून एकूण चौतीस मुलं झाली. त्यांतली सहा लहानग्यांच्या कोपऱ्यात आणि अठ्ठावीस शिबिरात. मे २०२४ मध्ये पंधरा दिवस शिबिर चाललं.

पाण्याशी ओळख

सकाळी सात वाजता हजेरी. हजेरीनंतर लगेच जोड्या. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एकाचा जरी हात रिकामा दिसला तर सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं. ही युक्ती सोपी आहे, पण फार मोलाची. दर दहा मिनिटांनी शिट्टी व्हायची.

अठ्ठावीसपैकी तिघांना पाण्यात घेतलं नाही. एकाला फिट येते, एकीचा कान वाहत होता आणि एकाच्या अंगावर खरूज होती. राहिलेल्या पंचवीस मुलांच्या पाच-पाचाच्या तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीला वीस मिनिटं आणि तेवढ्या वेळात पाण्यात पोहणारी तीन मोठी माणसं. माझे चुलत दीर, कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आणि एक जाऊबाई. जाऊबाईंचं माहेरही नदीकाठचं. त्या उतरल्या म्हणूनच बारा मुलींच्या आया मुलींना पाण्यात सोडायला तयार झाल्या. आपल्याकडं मुलगा विहिरीत मुटके मारायला लागला की कौतुक होतं आणि मुलगी काठावर बसून कपडे सांभाळते. पण पाणी भरायला, धुणं धुवायला विहिरीवर आणि कालव्यावर जास्त कोण जातं? मुलीच जातात. मग पोहणं आधी कुणाला यायला हवं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मुलींनी सलवार-कुडता घालून पोहलं तरी चालतं. ओढणी मात्र काठावर ठेवायची.

पहिले पाच दिवस विहिरीचं नावच काढलं नाही. ठिबकासाठी बांधलेला वीस फूट लांब, बारा फूट रुंद हौद आहे. त्यात साडेतीन फूट पाणी ठेवलं. म्हणजे सुमारे चोवीस हजार लिटर. रोज शिबिर संपलं की ते पाणी खोडव्याला सोडायचं आणि रात्री हौद पुन्हा भरायचा. पाणी वाया गेलं नाही आणि रोज स्वच्छ मिळालं. हौदात आधी तोंड बुडवून फुगे सोडायचे, मग काठ धरून पाय मारायचे, मग उताणं पडून तरंगायचं. उताणं तरंगणं आम्ही पोहण्याच्या आधी शिकवलं. ज्याला पाच मिनिटं उताणं तरंगता येतं, त्याला वाचवायला माणूस येईपर्यंत वेळ मिळतो.

सहाव्या दिवसापासून पायऱ्यांची बांधीव विहीर. उतरण्याआधी मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढायचा आणि तो फिटरकाकांनी स्वतःच्या खिशात ठेवायचा. विहिरीच्या पाण्यात करंट उतरून माणसं दगावतात, म्हणून या नियमाला सूट नव्हती. विहिरीवर आडवा दोर बांधला. पाठीला बांधायला जुन्या पद्धतीप्रमाणं पांगिऱ्याचे हलके ओंडके आणि सुक्या भोपळ्यांची सांगड होती. ट्रॅक्टरच्या ट्यूबा पंक्चरवाल्यानं फुकट दिल्या.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई बाहेर काढते आणि पोहायला पाठवते. ती गोष्ट आम्ही मुलांना वाचून दाखवली. मात्र घाबरलेल्या मुलाला धरून विहिरीत टाकायची आपल्याकडची जुनी रीत आम्ही कटाक्षानं टाळली. त्यानं एखादा शिकतो, पण दुसरा जन्मभर पाण्याला भितो.

पंधरा दिवसांनी सतरा मुलं आधाराशिवाय तरंगू लागली आणि विहिरीचा व्यास पार करू लागली. पाचजणांना ट्यूब लागत होती. तिघांची भीती गेली नव्हती. पंधरा दिवसांत पट्टीचा पोहणारा कुणी होत नाही, हे मी मुद्दाम लिहिते. शिबिर केलं म्हणून मुलाला एकटं तळ्यावर सोडणं म्हणजे न शिकवण्याहून वाईट. ती बीडची मुलगी सतराजणांत होती.

उरलेली सकाळ

पाण्याची पाळी नसलेल्या तुकड्या लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या, खो-खो खेळत. नऊ वाजता नाश्ता. मटकीची उसळ, गूळ-शेंगदाणे, ताक. त्यानंतर हातानं करायचं काहीतरी. ठिबकाची नळी चोंदली तर कशी साफ करायची, बियाणाची उगवण ओल्या गोणपाटात कशी तपासायची, माती हातात घेऊन कशी ओळखायची. गट ऑफिसच्या शेतकी कर्मचाऱ्यांनी एक दिवस गोडी मोजायचा ब्रिक्समापक आणला. मुलांनी आंबा, कलिंगड, ऊस सगळ्यांचे थेंब त्यावर टाकून पाहिले आणि कुणाच्या घरचा आंबा गोड यावर वादावादी केली. एक दिवस कारखाना दाखवला. गाळप बंद असल्यानं यंत्रं उघडून दुरुस्तीची कामं चालली होती, म्हणून उसाचा रस काढणारे रोलर जवळून पाहता आले. बीडच्या मुलीनं त्या रोलरकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आमी तोडलेला ऊस हितं येतो व्हय?" सहा महिने आईबापांबरोबर फडात राहूनही तिनं कारखाना आतून पाहिला नव्हता.

चुकाही झाल्या. चौथ्या दिवशी बारापर्यंत थांबलो आणि एका मुलीला चक्कर आली. उन्हाचा कडाका लक्षात घेऊन पुढं साडेअकरालाच शिबिर सोडायला लागलो. आणखी एका दिवशी एक मुलगा न सांगता घरी निघून गेला आणि आम्ही अर्धा तास त्याला शोधत होतो. त्यानंतर जाताना नावापुढं खूण करूनच सोडायचं ठरलं.

जमाखर्च

सभासद हिशेब विचारतील, म्हणून तोही देते. सव्वीस मुलांचे प्रत्येकी दीडशे रुपये, जमा ३,९०० रुपये. मजुरांच्या मुलांना फी नाही. खर्च असा: नायलॉनचा दोर ९०० रुपये, दोन शिट्ट्या ६० रुपये, औषधपेटी ४०० रुपये, वह्या व रंग १,१०० रुपये, नाश्त्याचा किराणा १,४०० रुपये. एकूण ३,८६० रुपये. शिल्लक चाळीस रुपये. मटकी, शेंगदाणे आणि ताक घरोघरचं होतं. २०२५ साली शेजारच्या दोन वस्त्याही आल्या आणि मुलांची संख्या एक्केचाळीस झाली.

प्रत्येक घरानं एवढं करावं

शिबिर सगळ्यांना जमेलच असं नाही. पण पुढच्या गोष्टी ज्याच्या मळ्यात पाणी आहे अशा प्रत्येकाला जमतील.

१. शेततळ्याला चारी बाजूंनी कुंपण आणि कडी लागणारं फाटक असावं. मोटारीची बाजू उघडी ठेवू नये.

२. चारी बाजूंना गाठी मारलेला जाड दोर काठाच्या खुंटाला पक्का बांधून पाण्यापर्यंत सोडावा. अस्तरावरून वर यायला त्याचाच आधार मिळतो. हवा भरलेली ट्यूब आणि लांब बांबू काठावर कायम ठेवावा.

३. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंडात पाणी असतं, हात वर येत नाहीत. मुलं पाण्यापाशी असताना आवाज थांबला तर आधी तिकडं पळावं.

४. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारू नये. एकाला काढायला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला तिसरा, असे एकाच घरातले जीव गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बांबू, पाईप, दोर, लुगडं जे हाताला लागेल ते पुढं करावं आणि ओरडून माणसं गोळा करावीत.

५. बाहेर काढल्यावर मुलाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं हे काही करू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू नसेल तर कठीण जागेवर उताणं झोपवावं, हनुवटी वर उचलावी, नाक धरून तोंडानं आधी श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास, असं मदत येईपर्यंत न थांबता करावं. दाबाचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. दुसऱ्या कुणीतरी लगेच १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यावंच. हे नुसतं वाचून येत नाही. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून उशीवर सराव केला. तुम्हीही करावा.

६. वाहत्या कालव्यात मुलांना पोहू देऊ नये. वरून संथ दिसणारं पाणी मोरीपाशी ओढून नेतं.

७. घरात रोज सकाळी एकमेकांना विचारावं, "आज पोरांकडं कोण बघणार?" आणि एकाच माणसाचं नाव घ्यावं.

शेवटी एक विनंती

आपल्या कारखान्याचे गट आहेत, गट ऑफिसं आहेत, माणसं आहेत. उसाची नोंद घ्यायला चिटबॉय वस्तीवस्तीवर जातो. त्याच वेळी कुणाच्या मळ्यात उघडं शेततळं आहे याचीही नोंद होऊ शकेल. येत्या सर्वसाधारण सभेत आपण सर्वांनी मिळून मागणी करावी, की दर उन्हाळ्यात प्रत्येक गटात निदान एक तरी मुलांचं शिबिर व्हावं आणि त्यात सभासदांच्या मुलांबरोबर तोडकरी आणि शेतमजुरांच्या मुलांनाही जागा असावी. विना सहकार नाही उद्धार, असं आपण म्हणत आलो. ते मुलांच्या बाबतीतही खरं करून दाखवू.

आमचा भाचा आता पोहतो. २०२५ च्या शिबिरात शिट्टीची जबाबदारी त्याच्याकडंच होती. बीडचं ते कुटुंब मात्र त्या उन्हाळ्यात आपल्या गावी गेलं होतं. यंदा पट्टा सुरू झाला तेव्हा ते टोळीबरोबर परत आलं. ती पोर आल्या-आल्या मला भेटायला आली. उंच झाली आहे. म्हणाली, "मावशी, गावच्या पाझर तलावावर माझा बाप काठाला हुबा ऱ्हायला आन् मी दोन पोरींना उताणं तरंगायला शिकवलं. भोपळं बांधून."

मग जरा थांबून तिनं विचारलं, "औंदा शिबिर हाय ना? आमी थांबनार हाव."

आहे, असं मी तिला सांगितलं आहे. तुमच्या वस्तीवर आहे का, ते तुम्ही सांगा.